नाव अजून कमी केलेलं नाही

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी मेळ लागला नाही, तेवढं आधीच पोटात घाला. चौथीनंतर मी लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ही वही नातीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण लिहायला बसलं की समोर कुणीतरी ऐकतंय असं धरावंच लागतं, म्हणून तुम्ही आहात असं धरते. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे बघून हसावं की काय करावं हे तुम्हाला कळलं नसेल.

ते सकाळी कॉलेजच्या फाटकात यायचे, चपलांची धूळ झटकायचे, सदऱ्याच्या आतल्या खिशातून पिवळं पडलेलं एक कार्ड काढायचे आणि वॉचमनमामांच्या नाकासमोर धरायचे. कुणी मागितलेलं नसायचं.

"बघा मामा."

"रोज काय बघायचं त्यात?"

"बघा की. तुमची ड्यूटी हाय."

कार्डावरच्या फोटोत एक पोरगा होता. दाट केस, नुकतं फुटलेलं मिसरूड, घाबरलेले डोळे. फाटकात उभे होते ते सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीखाली काहीच नाही.

"ह्यो तुम्हीच कशावरनं?"

"कान बघा. माणसाचं समदं बदलतंय, कान बदलत न्हाईत."

मामा वाकून कान बघायचे. कान खरंच तसेच होते, सुपासारखे. मग मामा म्हणायचे, "जावा," आणि ते कार्ड खिशात ठेवता ठेवता म्हणायचे, "नाव अजून कमी केलेलं न्हाय."

कॉलेजच्या कँटीनचं काँट्रॅक्ट माझ्या दिरांचं. ते गल्ल्यावर बसतात. मी मागे असते, चहा, पोहे आणि कटवडा करायला. मला माणसांसमोर यायचा धीर होत नाही, म्हणून मागेच बरं. भटारखान्याच्या खिडकीतून फाटक दिसतं. तिथून मी हे सगळं बघत असे.

आधी मला वाटलं, हे प्राध्यापक असतील. मग वाटलं, कुणाचे तरी आजोबा. नंतर पक्कं वाटायला लागलं की यांची कॉलेजवर केस असावी. रोज एकाच दारात जाणारा माणूस एक तर देवळात जातो नाहीतर कोर्टात, आणि हे काही देऊळ नव्हतं.

शेवटी दिरांनी सांगितलं. हातकणंगल्याकडचे शेतकऱ्याघरचे. तरुणपणी इथे बोर्डिंगात राहून बी.ए. झाले. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी केली. नोकरीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी यायचे, रिटायर झाल्यावर रोज एस.टी.ने यायला लागले. कंडक्टरला म्हातारपणाचं कार्ड दाखवायच्या आधी कॉलेजचं दाखवायचे म्हणे. कंडक्टर म्हणायचा, "पावणं, ह्याच्यावर सवलत बंद झालीया." मग हे दुसरं कार्ड काढायचे, नाइलाज असल्यासारखं.

"पण इथं येऊन करतात काय?" मी विचारलं.

"काही नाही," दीर म्हणाले. "येतात."

एवढंच उत्तर होतं. पुढे कितीतरी वर्षं मी खिडकीतून बघितलं, तरी त्यात मला फारशी भर घालता आली नाही.

पोरं त्यांना 'सीनियर' म्हणायची. सुरुवातीला चेष्टेने, नंतर सवयीने. खेड्यावरून आलेल्या पोराला राहायला खोली मिळत नसली की सीनियर त्याला घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचे. कॉलेजची फुटबॉलची मॅच असली की रुमालात गूळ आणि चिरलेली लिंबं बांधून गोलच्या जाळीमागे उभे राहायचे. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रेफरीला शिव्या घालणारे शंभर असतात. हे मात्र रेफरीजवळ जाऊन हात जोडून विचारायचे, "साहेब, हे आपल्याला पटलं का?" दोनदा त्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. कॉलेज हरलं की दुसऱ्या दिवशी ते चहा घ्यायचे नाहीत.

"अक्का, आज च्या नको."

"का वो?"

"हरलोय आम्ही."

आम्ही! मला हसू यायचं आणि मग उगीच कसंतरी व्हायचं. असल्या कुठल्या 'आम्ही'त मला कधी कुणी घेतलं नव्हतं, आणि मीही आजवर कशाबद्दल 'आम्ही' असं म्हटलं नव्हतं.

एक तरुण मॅडम त्यांना तासाला बसू द्यायच्या. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. तास संपला की ते कँटीनच्या मागच्या दाराशी यायचे. पुढून आले की पोरं घेरतात, म्हणून मागून. मी तिथेच बशीत चहा ओतून द्यायची.

"आज कसला तास हुता?" एकदा मी धीर करून विचारलं.

"अर्थशास्त्र."

"काय समजलं?"

"काय न्हाय."

"मग बसलात कशाला एवढा वेळ?"

त्यांनी बशी तोंडाला लावली, फुंकर मारली. "अक्का, समजलं न्हाय तरी बसायचं. समजंल कवातरी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. नापास झालेल्या पोरालाही हेच सांगायचे, आणि नव्या मास्तराचं शिकवणं जमत नाही अशी पोरांनी कुरकूर केली तरी हेच.

कँटीनचा फळा माझा पुतण्या लिहायचा. एके दिवशी तो आला नाही. फळा कोरा. दीर बाजारात गेलेले. सीनियर म्हणाले, "अक्का, लिवा की तुम्ही."

"मला न्हाई येत."

"किती शिकलाय?"

"चौथी."

"मग चहा येतंय की. चौथीत चहा लिवाय येतो."

मी ओट्यावरून पुढे आले. पोरं बघत होती. खडू दोनदा हातातून पडला. कसंबसं चहा, पोहे, कटवडा लिहिलं. ओळ वर चढत गेली, घाट चढावा तशी. कुणीतरी मागे फिसकन हसलं. सीनियरांनी वळूनही बघितलं नाही. फळ्याकडे बघत म्हणाले, "झ्याक. भूक लागली वाचून." त्यानंतर फळा माझ्याकडेच आला.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, चौथीनंतर शाळा का सोडली. मी सांगितलं, आमचं गाव कागलच्या बाजूचं, शाळा चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावी जायला लागायचं. वडलांनी दाखला काढून आणला आणि आढ्याला खोचून ठेवला. पुढे कुणी विचारलं नाही.

"दुसऱ्या शाळेत दिला न्हाय?"

"न्हाई."

ते विचारात पडले. खरोखरच, हिशेब घातल्यासारखे. "म्हंजे एका शाळेतनं निघालाय आणि दुसरीत पोचला न्हाय. वाटंतच हाय की तुम्ही अजून."

मी भांडी घासायला घेतली. मला नातवंडं आहेत. मी वाटेत कशी असेन? पण त्या दिवशी घरी जाताना सारखं वाटत राहिलं, की आपल्याला कुठेतरी जायचं होतं आणि आपण विसरलो.

मग कॉलेज तपासायला कमिटी येणार असं ठरलं.

तुम्ही कॉलेजात वावरला असाल तर कमिटी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. भिंतींना रंग लागला. कुंड्या आल्या. आमच्या कपबश्या बदलल्या. मला डोक्याला बांधायची पांढरी टोपी दिली, ती घातलेली बघून नात दोन दिवस हसत होती. ऑफिसात जुनी दप्तरं उपसायला काढली. तिथले हेड क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते धुळीने शिंकत असायचे.

त्या दप्तरांत जुन्या अनामत रकमा निघाल्या. कॉलेजात नाव घालताना मुलाकडून थोडे पैसे ठेव म्हणून घेतात. पुस्तक हरवलं, काही मोडलं तर त्यातून कापायचे, आणि मूल कॉलेज सोडून जाताना राहिलेले परत द्यायचे. कितीतरी जणांनी ते नेलेलेच नसतात. कमिटीपुढे अशी खाती उघडी दिसायला नकोत, म्हणून भाऊसाहेबांनी पत्रं पाठवली. बरीच पत्रं पत्ता चुकून परत आली. त्या सगळ्या जुन्या नावांत एकच नाव असं होतं, जे रोज सकाळी आपल्या पायांनी फाटकातून आत येत होतं.

भाऊसाहेबांना वाटलं, हे एक तरी काम सोपं झालं.

"काका, तुमचे पैसे आहेत कॉलेजकडे. या, सही करा, घेऊन जा."

"आज जरा तास हाय," सीनियर म्हणाले आणि सटकले.

दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी चष्मा विसरला होता. मग भाऊसाहेबांनी कागद हातात घेऊनच त्यांना व्हरांड्यात गाठायचं ठरवलं. मी खिडकीतून बघितलं ते असं: पुढे सीनियर, एका हाताने टोपी धरून, दुसऱ्याने धोतराचा सोगा, मागे भाऊसाहेब, कागद हलवत, "अहो काका, पैसे घ्या!" आणि जिन्यावर पोरं ओरडतायत, "सीनियर, पळा!"

ते मागच्या दाराने माझ्याकडे शिरले आणि दुधाच्या कॅनमागे पालथ्या क्रेटवर बसले. "अक्का, हाय म्हणू नका."

भाऊसाहेब दारात आले. "मावशी, काका इकडे आले का?"

मला खोटं बोलता येत नाही. खरं म्हणजे भाऊसाहेबांसारख्यांशी बोलताच येत नाही. मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या घेतला, घाम पुसला, "माणूस आहे का काय," असं म्हणाले आणि गेले.

मी गोंधळून गेले होते. आमच्या गल्लीत लपणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. दुकानदार आला की घरातला मोठा माणूस कॉटखाली जातो आणि पोर बाहेर येऊन सांगतं, बाबा गावाला गेलेत. पण ती पैसे द्यायला लागू नयेत म्हणून लपतात. घ्यायला लागू नयेत म्हणून लपणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"तुम्ही कॉलेजचं काय देणं लागता?" मी विचारलं.

"मी न्हाय. तीच माझं लागत्यात."

"मग पळताय कशाला?"

 ते कॅनच्या झाकणावर बोट फिरवत सांगायला लागले. ते जसं बोलले तसंच लिहिते.

"नाव घालायला आई आलती माझ्यासंगं. बा न्हवता, तिनंच वाढवलंय मला. कवा कोल्हापूर बघितलं न्हवतं तिनं. म्हशीच्या दुधाचं पैसं साठवल्यालं, पदराच्या गाठीत. रांगंत उभारलो. क्लार्कनं फी सांगितली, ती दिली. मग म्हणला, पंधरा रुपये अनामत. आई म्हणली, ते कशाचं? तो म्हणला, हे परत मिळणारे पैसे आहेत. आई म्हणली, कवा मिळणार? तो म्हणला, मुलगा कॉलेज सोडेल तेव्हा."

"मग?"

"आईनं गाठ सोडली. पंधरा रुपये टेबलावर ठेवलं आणि म्हणली, 'मग ते कवाच परत देऊ नगा बघा साहेब.' समदी रांग हसली. क्लार्क हसला. मीबी हसलो. शरम वाटली, म्हणून हसलो."

बाहेर पोह्यांची ऑर्डर आल्याची घंटी दिरांनी वाजवली. मी हलले नाही.

"बी.ए. झालो. कारखान्यात लागलो. लगीन झालं. तरी घरात पाऊल टाकलं की ईचारायची, 'दिलं काय रं परत?' मी म्हणायचा, न्हाय. 'मग बरं हाय,' म्हणायची. मरस्तवर ईचारत हुती. आता घ्यायचं म्हंजे…"  ते उठले, क्रेट होता तिथे नीट ठेवला आणि गेले.

मी तोवर समजत होते की लाखभर तरी रुपये असतील. पंधरा रुपये! आमच्या चहाला दहा पडतात. पंधरा रुपयांसाठी भाऊसाहेबांची ती धावपळ आणि पंधरा रुपयांसाठी यांचं ते कॅनमागे बसणं. यातलं कोण शहाणं, मला ठरवता येईना.

प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गोष्ट गेली. त्या चांगल्या बाई. त्यांनी सीनियरांना बोलावलं, खुर्ची दिली, आमच्याकडून चहा मागवला. चहा घेऊन मीच गेले होते, म्हणून ऐकलं.

"काका, अनामत घेतली म्हणून तुमचं येणं कुणी बंद करणार नाही. उलट मी तुम्हाला माजी विद्यार्थी संघाचं आजीव सदस्य करते. बिल्ला मिळेल, मेळाव्यात पुढची खुर्ची मिळेल."

सीनियर नम्रपणे उठून उभे राहिले. "मॅडम, माजी व्हायचं असतं तर एवढी वर्षं कशाला थांबलो असतो?"

"अहो, पण तुमचं नाव केव्हाच कमी झालंय," भाऊसाहेब कळवळून म्हणाले. "हजेरीतून गेलं, सगळीकडून गेलं. फक्त या अनामतीच्या वहीत उरलंय."

"तेच म्हणतोय मी. उरलंय न्हवं? मग असू द्या की."

मॅडमनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी छताकडे बघितलं. आठवडाभरात कमिटी येणार होती आणि त्याआधी खातं बंद व्हायलाच पाहिजे, असं ठरलं. त्यांनी सही केली नाही तर रक्कम कॉलेजच्या निधीत जमा करायची आणि नावावर लाल रेघ मारायची.  सीनियर चहा तसाच ठेवून गेले. त्या दिवशी कुठली मॅच नव्हती.

पुढचं मी कसं केलं ते मला सांगता येत नाही. माझ्या पायांनी केलं असं म्हणते. भाऊसाहेबांचा चहा ऑफिसात नेऊन देताना मी परत वळायच्या ऐवजी तिथेच उभी राहिले. ते वहीत मान घालून होते. "काय मावशी? बिल?"

मी मान हलवली. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बघत, रांग, पदराची गाठ, त्यांच्या आईचं बोलणं, सगळं सांगून टाकलं.  माझं संपलं तेव्हा चहावर साय आली होती.

 भाऊसाहेबांनी लाल पेन टोपण लावून ड्रॉवरमध्ये टाकलं. निळं पेन घेतलं आणि सीनियरांच्या नावापुढे, जिथे सगळ्यांचे शेरे होते तिथे, लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, मला ऐकू यावं म्हणून: "पत्ता सापडत नाही. शोध चालू."

"पण ते तर बाहेर बाकावर बसलेत," मी म्हटलं.

"मला दिसत नाहीत," भाऊसाहेब म्हणाले. खिडकीतून सीनियरांची टोपी स्वच्छ दिसत होती.

कमिटीची माणसं कोट घालून आली. त्यातले एक साहेब फिरत फिरत कँटीनकडे आले आणि नेमके सीनियरांच्या शेजारी बसले. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. दारात भाऊसाहेब, त्यांचा चेहरा चुन्यासारखा.

"आपण?" साहेबांनी विचारलं.

"विद्यार्थी."

साहेब हसले. "असं? कोणत्या वर्षाला?"

"शेवटच्या," सीनियर म्हणाले.

"आणि शिकवतात कसं?"

"शिकवत्यात झ्याक. मला समजत न्हाय, त्यो माझा दोष."

साहेबांना फार आवडलं. त्यांनी सीनियरांना स्वतःच्या पैशाने कटवडा खायला घातला. कॉलेजचं काम चांगलं झालं म्हणतात. भाऊसाहेब दोन दिवस रजेवर गेले.

त्यानंतर सीनियर पुष्कळ खुशीत होते. भाऊसाहेब व्हरांड्यातून यायला लागले की मुद्दाम समोर जाऊन उभे राहायचे. "सापडला काय वो पत्ता?" भाऊसाहेब त्यांच्या अंगावरून पलीकडे बघत म्हणायचे, "शोध चालू आहे." आणि दोघेही तोंड फिरवून हसायचे. तेवढे दिवस बरे गेले.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. कॉलेज उघडलं, नावं घालायला आलेल्या पोरांची रांग फाटकापर्यंत आली, आणि सीनियर आले नाहीत. मामा एस.टी.च्या वेळेला स्टुलावरून उठून उभे राहायचे आणि परत बसायचे. मी फळा लिहिताना ओळ सरळ आली की मागे वळून बघायची. कुणी 'झ्याक' म्हणत नव्हतं.

असाच एक दिवस फाटकात एक माणूस आला. चाळिशीचा, डोकं भादरलेलं. मामांनी नेहमीसारखं विचारलं, कोण, कुणाकडे काम.  आणि मग मला खिडकीतून दिसलं, मामा त्याचे कान बघत होते. त्यांनी फाटक उघडलं.

सीनियरांचा मुलगा. कागलच्या कारखान्यात कामाला. ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती, म्हणून भाऊसाहेब त्याला कँटीनच्या मागच्या दाराशी घेऊन आले, वही काखेत धरून. मी चहा दिला. मुलाने सांगितलं, सकाळी एस.टी.साठी तयार होऊन ओसरीवर बसले होते, बसल्या जागी गेले. कार्ड खिशातच होतं.

"कार्ड आम्ही त्येंच्यासंगंच दिलं," तो म्हणाला. "पण मी आलोय ते पैशासाठी. राग मानू नका. पैशाचं काय न्हाय, पण शब्द दिलाय."

"कुणाला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळं झाडावर भरपूर, पण एक खाली येईना. चुलता म्हणला, जीव कशाततरी अडकलाय, बोला. मग बोललो. शेत इकत न्हाय म्हणलो. बहिणीला अंतर देत न्हाय म्हणलो. टोपी, चष्मा, समदं सांभाळतो म्हणलो. कावळा काय शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मग मला घरी आल्यालं कॉलेजचं पत्र आठवलं. मी म्हणलो, बाबा, कॉलेजात तुमचं जे काय अडकलंय ते मी सोडवून आणतो. आणि शिवला बघा. तोंडातनं शब्द निघायला आणि कावळा यायला."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं नव्हतं. पण या मुलाला माहीतच नव्हतं, आणि माहीत असलेलं माणूस तिथे मी होते. कॅलेंडरकडे बघायला इथे कॅलेंडर नव्हतं, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघून मी त्याला त्याच्या आजीचं सांगितलं. रांग. पदराची गाठ. कवाच परत देऊ नगा बघा साहेब.

त्याने कप खाली ठेवला. "आजी असं म्हणलती?"

"हो."

"मग आता मी काय करू मावशी? तिचं ऐकू का ह्येंचं?"

मला काय माहीत! मी चौथी शिकलेली बाई. तिने परत देऊ नका म्हटलं, ते मुलाने कॉलेज सोडू नये म्हणून. आता त्याने सोडलं की नाही? जगच सोडलं म्हणजे कॉलेजही सोडलं असं धरायचं का? आणि कावळा आला तो त्यांनाच सुटायचं होतं म्हणून, की दुपारपर्यंत उपाशी राहून त्याला भूक लागली म्हणून? मुलगा म्हणाला, घाटावर एकाने हीच शंका काढली होती आणि चुलत्याने त्याला गप्प केलं.

भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, "माझ्या वहीत अजून 'शोध चालू' असंच आहे. तुम्ही म्हणाल तर तसंच राहू शकतं. मी इथे आहे तोवर तरी."

आम्ही तिघे त्या दुधाच्या कॅनपाशी उभे होतो आणि एकालाही काही कळत नव्हतं. पुढून पोरांचा गलका येत होता. ते असते तर काय म्हणाले असते हे मला पक्कं ठाऊक होतं. बसायचं. समजंल कवातरी. पण मुलाला कामावर जायचं होतं, रजा अर्ध्या दिवसाची होती.

"न्हाय," तो शेवटी म्हणाला. "शब्द दिलाय मी. द्या."

भाऊसाहेबांनी वही क्रेटवर ठेवली. वारस म्हणून मुलाने सही केली. ओळखणारं कुणीतरी साक्षीला लागतं, कॉलेजातलं, असं भाऊसाहेब म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, माझं अक्षर चांगलं नाही. ते म्हणाले, चालतं. मी माझं नाव लिहिलं, वडलांचं लिहिलं म्हणून खोडलं, मालकांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. ओळ वर चढत गेली ती थेट सीनियरांच्या नावाला जाऊन टेकली.

मग भाऊसाहेबांनी लाल पेन काढलं. त्यांनी रेघ मारली तेव्हा मी गॅसकडे बघत होते, म्हणून ती सरळ आली का वाकडी, मला ठाऊक नाही.

"रक्कम पूर्ण मिळाली, असं लिहा इथे," ते मुलाला म्हणाले. त्याने लिहिलं. भाऊसाहेबांनी खिशातून दहाची नोट आणि पाचाचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तो थोडा वेळ तसाच हात उघडा धरून उभा राहिला. मग त्याने रुमाल काढला, नोटेची घडी करून नाण्यासकट कोपऱ्यात ठेवली, आणि गाठ मारली.